अधिवास, घटस्फोट आणि पोटगी : परभूमीत राहणाऱ्या दांपत्यांच्या न्यायाचा इतिहास (१८६९ ते २०२४)

प्रस्तावना

विवाह मोडला की न्यायालयासमोर दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न नात्याचा असतो. हे दोघे यापुढे पतिपत्नी आहेत की नाहीत ? दुसरा प्रश्न निर्वाहाचा असतो. पोटगी किती, घर कोणाचे आणि मुले कोणाकडे ? दांपत्य स्वतःच्याच देशात राहत असेल तर हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच न्यायालयात सुटतात. परंतु दांपत्य परक्या देशात राहत असेल तर तिसराच प्रश्न आडवा येतो. मुळात निवाडा देण्याचा अधिकार कोणत्या देशाच्या न्यायालयाला आहे ?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी कायद्याने 'अधिवास' या संकल्पनेच्या आधारे शोधले. माणूस आज जेथे राहतो ते त्याचे निवासस्थान. जेथे तो कायमचे घर मानतो, किंवा कायद्याच्या दृष्टीने ज्या भूमीचा तो समजला जातो, तेथे त्याचा अधिवास. मुंबईत तीस वर्षे नोकरी करून निवृत्तीनंतर मायदेशी परतण्याचा इरादा ठेवणारा इंग्रज अधिकारी मुंबईचा रहिवासी होता, पण त्याचा अधिवास इंग्लंडचाच राहिला. विवाहित स्त्रीला तर स्वतंत्र अधिवासच नव्हता. पतीचा अधिवास तोच तिचा.

हिंदुस्थानात राहणारे ब्रिटिश आणि पुढे परदेशात राहणारे भारतीय अशा दोन उलट दिशांच्या प्रवाहांमध्ये या संकल्पनेचा काय परिणाम झाला, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. कायद्याने आपली बहुतेक शक्ती नात्याच्या प्रश्नावर खर्च केली, निर्वाहाचा प्रश्न त्याच्या मागे फरफटत राहिला आणि त्याची किंमत प्रामुख्याने पत्नीने मोजली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१८६९ चा कायदा आणि निवासाचा आधार

इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने घटस्फोटाचा अधिकार धर्मपीठांच्या कक्षेबाहेर काढून दिवाणी न्यायालयाकडे दिला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६९ चा चौथा कायदा, म्हणजे भारतीय घटस्फोट कायदा, संमत झाला. तो ख्रिस्ती धर्मीयांसाठी होता. अर्ज करतेवेळी अर्जदार हिंदुस्थानात राहत असला, आणि विवाह येथे झालेला असला किंवा ज्या व्यभिचाराची तक्रार आहे तो येथे घडलेला असला, तर येथील न्यायालय विवाह विसर्जित करू शकत असे. अधिवास कोठला याची चौकशी या कायद्यात अपेक्षित नव्हती.

निर्वाहाच्या बाबतीतही या कायद्यात तपशीलवार तरतुदी होत्या. कलम ३६ नुसार दावा चालू असताना पत्नीला अंतरिम पोटगी मिळे. मात्र ती पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशापेक्षा अधिक असू शकत नव्हती. कलम ३७ मध्ये कायम पोटगीची, कलम ३४ मध्ये सह-प्रतिवादीकडून पतीने मागावयाच्या नुकसानभरपाईची आणि कलम ४० मध्ये विवाहप्रसंगी झालेल्या मालमत्तेच्या करारांची फेररचना करण्याची तरतूद होती. कागदावर पाहता परभूमीत राहणाऱ्या ब्रिटिश दांपत्याला नाते व निर्वाह या दोहोंचा निकाल एकाच ठिकाणी मिळत होता.

परंतु हा हुकूमनामा समुद्र ओलांडल्यावर टिकेल काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी सोडवला नव्हता. तो पुढे सिलोनमधून आलेल्या एका खटल्यात उपस्थित झाला.

ले मेझुरिए खटला : १८९५

सिलोनच्या मुलकी सेवेतील एका अधिकाऱ्याने पत्नीच्या व्यभिचाराच्या कारणावरून सिलोनमध्येच घटस्फोट मागितला. त्याचे वास्तव्य सिलोनमध्ये होते, अधिवास मात्र इंग्लंडचा होता. 'ले मेझुरिए विरुद्ध ले मेझुरिए' या नावाने प्रसिद्ध असलेले हे प्रकरण प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९५ मध्ये लॉर्ड वॉटसन यांनी दिलेल्या निर्णयात असे ठरले की, विवाह विसर्जित करण्याचा अधिकार केवळ त्या वेळी दांपत्याचा जेथे अधिवास असेल त्याच देशाच्या न्यायालयाला असतो. वास्तव्य कितीही दीर्घ असले तरी ते पुरेसे नाही.

या निर्णयामागील विचार समजण्यासारखा आहे. एकाच स्त्रीपुरुषाला एका देशात विवाहित व दुसऱ्या देशात अविवाहित मानले जाऊ नये, ही त्यातील चिंता होती. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ कठोर होता. वसाहतीत राहणाऱ्या माणसाने घटस्फोट हवा असल्यास हजारो मैल दूर असलेल्या मायदेशी जाऊन दावा लावावा, साक्षीदार तेथे न्यावेत आणि खर्च सोसावा. पत्नीची स्थिती त्याहून बिकट होती. पतीने अधिवास बदलला तर तिने कधी पाऊलही न ठेवलेल्या देशाचे न्यायालय तिच्या विवाहाचा निकाल देण्यास समर्थ ठरत होते.

१९२१ चा पेचप्रसंग

ले मेझुरिए निर्णयानंतरही हिंदुस्थानातील न्यायालये १८६९ च्या कायद्याच्या शब्दांनुसार, म्हणजे निवासाच्या आधारे, हुकूमनामे देत राहिली. सुमारे पाव शतक हे चालले. १९२१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने 'कीज विरुद्ध कीज' या खटल्यात या विसंगतीवर बोट ठेवले. इंग्लंडचा अधिवास असलेल्या दांपत्याचा विवाह विसर्जित करण्याचा अधिकार हिंदुस्थानच्या विधिमंडळाने निर्माण केलेल्या न्यायालयांना नाही, असा निर्वाळा तेथे मिळाला.

या एका निर्णयाने १८६९ पासूनचे अनेक हुकूमनामे संशयास्पद झाले. त्यांवर विसंबून ज्यांनी पुनर्विवाह केले होते त्यांचे दुसरे विवाह अवैध ठरण्याची आणि त्या विवाहांतून झालेल्या संततीच्या औरसपणावर प्रश्नचिन्ह लागण्याची भीती निर्माण झाली. ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून पूर्वीचे हुकूमनामे वैध ठरवले. भविष्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

१९२१ या वर्षाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १९२० मध्ये केलेल्या कायद्याला अनुसरून हिंदुस्थानात १९२१ चा पोटगी आदेश अंमलबजावणी कायदा झाला. साम्राज्याच्या एका भागातील न्यायालयाने दिलेला पोटगीचा आदेश दुसऱ्या भागात नोंदवून तेथे वसूल करता येऊ लागला. पती दूर असेल तर पत्नीच्या गावचे न्यायालय तात्पुरता आदेश देई, आणि पती जेथे राहत असेल तेथील न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून तो कायम करी. पैशाचा प्रश्न अधिवासाच्या गुंत्यातून मोकळा करून स्वतंत्रपणे सोडवता येतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

१९२६ चा कायदा : एकाच न्यायालयात दोन न्याय

भविष्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९२६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने 'इंडियन अँड कलोनियल डिव्होर्स ज्युरिस्डिक्शन ॲक्ट' संमत केला. इंग्लंड वा स्कॉटलंडचा अधिवास असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचे विवाह विसर्जित करण्याचा अधिकार त्याने हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांना दिला. त्यासाठी अर्जदाराचे वास्तव्य येथे असणे आणि दांपत्याचे शेवटचे सहवास्तव्यही येथे असणे आवश्यक होते. सरकारी कर्तव्य, दारिद्र्य किंवा अन्य पुरेशा कारणामुळे मायदेशी दावा लावणे शक्य नाही, असेही अर्जदाराने दाखवून देणे अपेक्षित होते. हुकूमनाम्याची नोंद इंग्लंड वा स्कॉटलंडमध्ये करता येत असे. त्याच वर्षी १८६९ च्या कायद्यातही दुरुस्ती होऊन त्यातील विवाहविच्छेदासाठी हिंदुस्थानचा अधिवास आवश्यक ठरला.

या व्यवस्थेचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. १९२६ च्या कायद्याखाली घटस्फोटाची कारणे इंग्लंडच्या कायद्याची होती. इंग्लंडमध्ये १९२३ पासून पत्नीलाही पतीच्या केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळू लागला होता. १८६९ च्या कायद्यात मात्र पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर पत्नीला पतीच्या व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागत होते. परिणामी मुंबई उच्च न्यायालयात इंग्लंडचा अधिवास असलेली स्त्री आणि हिंदुस्थानचा अधिवास असलेली ख्रिस्ती स्त्री एकाच तक्रारीसाठी आल्या तर पहिलीला दाद मिळे व दुसरीला मिळत नसे. परकी व्यक्ती येथे अधिक हक्क घेऊन वावरत होती, आणि भूमिकन्येला कमी हक्क होते. ही विषमता मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने २००१ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून काढली. अंतरिम पोटगीवरील एकपंचमांशाची मर्यादाही २००१ मध्येच गेली.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम १७ ने ही साम्राज्यकालीन अधिकारिता संपुष्टात आणली. सत्तांतराच्या दिवसापूर्वी दाखल झालेले दावे तेवढे पुढे चालू राहिले.

मुंबईतील एक प्रकरण

अधिवास आणि धर्म यांची सांगड कशी पडत होती, हे १९३० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या 'खंबाटा विरुद्ध खंबाटा' या प्रकरणावरून दिसते. एका स्कॉटिश ख्रिस्ती स्त्रीने हिंदुस्थानचा अधिवास असलेल्या मुस्लिम पुरुषाशी स्कॉटलंडमध्ये तेथील रीतीने विवाह केला होता. पुढे हिंदुस्थानात आल्यावर तिने इस्लामचा स्वीकार केला आणि पतीने तिला तलाक दिला. त्यानंतर तिने दुसरा विवाह केला. पहिला विवाह ख्रिस्ती पद्धतीने झाला असल्याने तो तलाकने संपू शकतो काय, हा वादाचा मुद्दा होता. पतीचा अधिवास येथील आहे आणि पत्नीनेही धर्मांतर केले आहे, म्हणून तलाक वैध आहे, असा निर्णय झाला.

या प्रकरणात निर्णय स्त्रीच्या दुसऱ्या विवाहाच्या बाजूने लागला. तथापि त्यामागील तत्त्व दुधारी होते. विवाहाच्या वेळी स्कॉटलंडच्या कायद्याने तिला जे संरक्षण होते ते पतीच्या अधिवासासोबत मागे पडले. परभूमीत आलेल्या स्त्रीच्या विवाहाचे स्वरूप तिच्या नव्या भूमीवर बदलू शकते, ही गोष्ट पुढील काळात उलट दिशेने भारतीय स्त्रियांच्या अनुभवास आली.

विभाज्य घटस्फोट : अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा घटस्फोटाचा कायदा वेगळा आहे. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये निवासाची अट सहा आठवड्यांवर आणली, तेव्हा इतर राज्यांतील पती वा पत्नी तेथे जाऊन घटस्फोट घेऊ लागल्या. असे हुकूमनामे इतर राज्यांनी मानावेत काय, यावर दीर्घकाळ वाद झाला.

त्यातून १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एस्टिन विरुद्ध एस्टिन' या खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पत्नीला दरमहा १८० डॉलर पोटगी मंजूर केली होती. पतीने नेवाडात जाऊन घटस्फोट मिळवला आणि पोटगी थांबवली. न्यायालयाने ठरवले की, नेवाडाच्या हुकूमनाम्याने विवाह संपला, पण ज्या पत्नीवर नेवाडाच्या न्यायालयाची सत्ताच नव्हती तिचा पोटगीचा हक्क संपला नाही. घटस्फोट विभाज्य आहे. नाते एका ठिकाणी संपू शकते आणि निर्वाहाचा हक्क दुसऱ्या ठिकाणी जिवंत राहू शकतो.

प्रवाह उलटला : भारतीय परदेशात

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षण व नोकरीसाठी भारतीय मोठ्या संख्येने परदेशी गेले. आता परभूमीत राहणारा परकी माणूस भारतीय होता, आणि मायदेशी राहिलेली पत्नी न्याय मागत होती.

'सत्या विरुद्ध तेजा सिंग' हे या टप्प्यातील पहिले मोठे प्रकरण. पती १९५९ मध्ये अमेरिकेत गेला. १९६४ च्या अखेरीस त्याने नेवाडाच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला. जालंधर येथे राहणाऱ्या पत्नीने स्वतःसाठी व दोन मुलांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तत्कालीन कलम ४८८ खाली पोटगी मागितली. दंडाधिकाऱ्यांनी पत्नीला दरमहा ३०० रुपये व प्रत्येक मुलासाठी १०० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने मात्र ले मेझुरिए निर्णयाचा आधार घेऊन ठरवले की, पत्नीचा अधिवास पतीच्या मागे जातो, म्हणून नेवाडाचा घटस्फोट बंधनकारक आहे. सिलोनमधील एका मुलकी अधिकाऱ्याच्या दाव्यात घडलेला नियम सत्तर वर्षांनंतर पंजाबातील एका स्त्रीची पोटगी हिरावून घेण्यास पुरेसा ठरला.

सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर १९७४ मध्ये न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी हा निर्णय फिरवला. पती नेवाडाचा खरा रहिवासी कधीच नव्हता, त्याने तेथील न्यायालयाची फसवणूक करून अधिकारिता मिळवली, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार तो हुकूमनामा भारतात मान्य होणार नाही, असे त्यांनी ठरवले. भारताने या विषयावर स्वतःचे नियम घडवावेत, उसन्या नियमांवर विसंबू नये, ही अपेक्षाही निर्णयात व्यक्त झाली. विधी आयोगाने १९७६ मध्ये परकीय घटस्फोटांच्या मान्यतेवर ६५ वा अहवाल सादर केला. त्यावर कायदा झाला नाही.

फसवणूक सिद्ध झाली नाही तर काय, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९९१ च्या 'नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी' या निर्णयात न्या. पी. बी. सावंत यांनी दिले. तिरुपती येथे हिंदू पद्धतीने झालेला विवाह अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयाने, तो पुन्हा सांधण्यापलीकडे तुटला आहे या कारणावरून विसर्जित केला होता. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्याच कायद्याला मान्य असलेले न्यायालय व त्याच कायद्यात असलेले कारण हवे, असा नियम न्या. सावंत यांनी घालून दिला. त्याला तीन अपवाद ठेवले. प्रतिवादीचा अधिवास वा नित्य व कायम निवास त्या देशात असून कारण विवाहाच्या कायद्यातील असणे, प्रतिवादीने स्वेच्छेने व परिणामकारकपणे तेथे दावा लढवलेला असून कारण त्याच कायद्यातील असणे, किंवा प्रतिवादीने घटस्फोटास संमती दिलेली असणे. अशा रीतीने मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन न्यायमूर्तींनी, सतरा वर्षांच्या अंतराने, पतीच्या अधिवासाची पत्नीवरील सत्ता या क्षेत्रात संपुष्टात आणली.

निर्वाहाचा अपूर्ण प्रश्न

इंग्लंडमध्ये हाच बदल संसदेच्या मार्गाने झाला. १९७३ च्या कायद्याने १ जानेवारी १९७४ पासून विवाहित स्त्रीला स्वतंत्र अधिवास मिळाला, आणि एक वर्षाचा नित्य निवासही दाव्यासाठी पुरेसा ठरला. तथापि नाते संपले की निर्वाहाचा हक्कही संपतो, ही अडचण तेथेही जाणवली. 'काझी विरुद्ध काझी' या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानात दिलेला तलाक मान्य केला. त्यामुळे इंग्लंडमध्ये विसर्जित करण्यासाठी विवाहच उरला नाही आणि पत्नीची तेथील मालमत्तेवरील मागणी फोल ठरली. ही उणीव १९८४ च्या कायद्याने भरून काढली. परदेशात घटस्फोट झाला असला तरी इंग्लंडशी पुरेसा संबंध असलेल्या पक्षाला तेथे आर्थिक दाद मागता येऊ लागली. २०१० मध्ये 'अगबाजे' प्रकरणात, नायजेरियात घटस्फोट झालेल्या पत्नीला लंडनमधील घराच्या विक्रीतून २,७५,००० पौंड देण्याचा आदेश ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली कायम केला.

भारतात याला समांतर कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालील कायम पोटगी त्या कायद्याखाली निर्णय देणाऱ्या न्यायालयाने द्यावयाची असते. परकीय न्यायालयाने विवाह आधीच संपवला असेल तर पत्नीचा मुख्य आधार म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, ज्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. त्यात घटस्फोटित पत्नीचा समावेश आहे, परंतु ही दाद दरमहाच्या निर्वाहापुरती आहे. संसारात जमलेल्या मालमत्तेच्या वाटणीशी तिचा संबंध नाही.

वसुलीची अडचण वेगळीच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९३७ मध्ये घातलेल्या कलम ४४अ नुसार, शासनाने अधिसूचित केलेल्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे भारतात थेट बजावता येतात. ब्रिटन त्या यादीत आहे, २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातींची भर पडली, अमेरिका त्यात नाही. अमेरिकेतील हुकूमनाम्याच्या आधारे येथे नव्याने दावा लावावा लागतो. स्थावर मालमत्तेबाबत तर ती जेथे आहे तेथील कायदा प्रबळ ठरतो. फ्लॅट पुण्यात आणि निवृत्तिवेतन लंडनमध्ये असेल तर एका न्यायालयाचा एकच आदेश दोन्ही ठिकाणी पोहोचेल याची शाश्वती नसते.

या संदर्भात गोव्याचा उल्लेख आवश्यक आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे तेथे विवाहपूर्व वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. घटस्फोटाच्या वेळी पत्नी याचक नसून भागधारक असते. उर्वरित भारताच्या बहुतांश भागात हे तत्त्व नाही. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील भारतातील मालमत्तेचा वारसाही याच संहितेने ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. तो निर्णय वारसाहक्कापुरता असला तरी अधिवासाची संकल्पना अजून किती सामर्थ्यवान आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

१९९४ मध्ये न्या. आर. एम. सहाय यांनी एका निर्णयात परदेशस्थ पतीच्या देशातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीला पुरेशी पोटगी मिळावी आणि भारतीय न्यायालयांचे आदेश परदेशात बजावले जावेत, यासाठी कायदा करण्याची सूचना केली होती. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायद्याची शिफारस केली.

निष्कर्ष

१) परभूमीत राहणाऱ्या दांपत्याच्या घटस्फोटाचा कायदा प्रथम शासनकर्त्या समाजाच्या गरजेतून घडला. कीज निर्णयाने स्वकीयांच्या पुनर्विवाहांना धोका निर्माण होताच पार्लमेंटने त्याच वर्षी उपाय केला. याउलट १९७६ च्या विधी आयोगाच्या अहवालावर भारतीय पत्नींसाठी कायदा झालाच नाही.

२) अधिवासाच्या नियमाचा उद्देश विवाहाचा दर्जा सर्वत्र एक राहावा हा होता. पत्नीचा अधिवास पतीला बांधल्यामुळे तो नियम पतीच्या हातातील साधन बनला. इंग्लंडमध्ये संसदेने आणि भारतात न्यायालयांनी त्याची धार बोथट केली.

३) नात्याचा व निर्वाहाचा प्रश्न वेगळे करणे हा या इतिहासातील सर्वांत फलदायी विचार आहे. १९२१ चा पोटगी अंमलबजावणी कायदा, १९४८ चा एस्टिन निर्णय आणि इंग्लंडचा १९८४ चा कायदा ही त्याची तीन रूपे होत.

४) भारतात परकीय घटस्फोट मानावा की नाही, याचे उत्तर १९९१ पासून उपलब्ध आहे. तो मानल्यानंतर पत्नीच्या वाट्याला काय येणार, याचे उत्तर मात्र अपुरे आहे. त्यामुळे कित्येकदा परकीय हुकूमनामा नाकारणे हाच पत्नीच्या निर्वाहाचा मार्ग ठरतो, आणि केवळ पोटगी टिकावी म्हणून संपलेला विवाह कागदावर जिवंत ठेवावा लागतो. भावी कायद्याने प्रथम हा पेच सोडवणे अगत्याचे आहे.